बॉबकॅट: मिळेल त्या सावजावर तगलेला शिकारी

लिंक्स या वंशात मांजरांच्या चार जाती आहेत. त्यांतली स्पेन-पोर्तुगालमधली आयबेरियन लिंक्स २००२ सालच्या सुमारास शंभराच्याही आत आली होती. कॅनडा लिंक्सला २००० साली अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण द्यावे लागले. लडाखपर्यंत पसरलेली युरेशियन लिंक्स पश्चिम युरोपातल्या बऱ्याच भागांतून नाहीशी झाली आणि तिथे ती बाहेरून आणून पुन्हा सोडावी लागली. चौथी जात म्हणजे उत्तर अमेरिकेतला बॉबकॅट. त्याच्या डोक्यावर बक्षिसे लावली गेली, कातड्यासाठी त्याला लाखोंनी मारले गेले, त्याची जंगले तोडून मक्याची शेते आणि शहरे उभी राहिली. तरीही तो टिकला. अमेरिकेतल्या बॉबकॅटची संख्या १९८१ च्या अंदाजानुसार साधारण सव्वासात लाख ते दहा लाख होती. राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडून माहिती गोळा करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात ती २३ लाख ते ३५ लाखांच्या घरात गेली. असे आकडे काटेकोर नसतात, पण कल कोणत्या दिशेने आहे हे त्यांतून कळते.

एकाच घराण्यातल्या चौघांच्या नशिबात एवढा फरक का पडला? मला या प्रश्नाचे उत्तर बॉबकॅटच्या शिकारीत दिसते. आज त्याच्यापुढे उभ्या असलेल्या नव्या संकटाचे मूळही तिथेच आहे. म्हणून त्याच्या शरीरापासून त्याच्याविषयीच्या कायद्यांपर्यंतचा हा आढावा शिकारीचा धागा धरूनच घेतला आहे.

शरीर: दबा धरण्यासाठी घडलेले

कॅनडाच्या दक्षिण पट्ट्यापासून मेक्सिकोतल्या वाहाका राज्यापर्यंत बॉबकॅट आढळतो. योहान फोन श्रेबर या जर्मन निसर्गअभ्यासकाने १७७७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचा आकार घरच्या मांजराच्या साधारण दुप्पट असतो. नर सरासरी नऊ-दहा किलोंचा आणि मादी सहा-सात किलोंची असते. थोराड नर पंधरा किलोंच्याही पुढे जातात. अंगावर करडा-तांबूस रंग, त्यावर काळसर ठिपके, पुढच्या पायांवर आडवे काळे पट्टे, गालांवर झुपकेदार केस आणि कानांच्या टोकांना बारीक शेंड्या. कानांची मागची बाजू काळी असून तिच्यावर ठळक पांढरा डाग असतो. आखूड शेपटीच्या टोकाची वरची बाजू काळी आणि खालची पांढरी असते. कॅनडा लिंक्सच्या शेपटीचे टोक सगळ्या बाजूंनी काळे असते. दोघेही राहतात अशा उत्तरेकडच्या भागात त्यांना वेगळे ओळखायची ही सोपी खूण आहे.

या शरीरातल्या बहुतेक गोष्टी शिकारीच्या कामाच्या आहेत. ठिपक्यांमुळे तो झुडपांच्या उन्हासावलीत मिसळून जातो. मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा लांब असल्याने जागच्या जागी झेप घेण्याची ताकद मिळते. दृष्टिपटलामागचा चकाकणारा पडदा अंधूक प्रकाश परतवून डोळ्याला तो दुसऱ्यांदा वापरू देतो. कान स्वतंत्रपणे वळतात आणि गवताखालच्या उंदराची हालचाल टिपतात. तो चालताना मागचे पाऊल बहुधा पुढच्या पावलाच्याच ठशावर टाकतो. जमीन एकदाच तपासून झालेली असल्याने सुक्या काटकीचा आवाज होण्याची शक्यता कमी होते. नख्या आत ओढलेल्या असल्याने त्याच्या गोल ठशात त्या उमटत नाहीत. कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या ठशात मात्र त्या दिसतात. बहुतेक मांजरांच्या जबड्यात तीस दात असतात, तर लिंक्स वंशात अठ्ठावीस. सुळ्यांच्या मागे मोकळी जागा राहत असल्याने सुळा सावजाच्या मानेत खोलवर रुततो.

पण या शरीराला एक मर्यादाही आहे. कॅनडा लिंक्सचे पंजे रुंद आणि केसाळ असल्याने ती भुसभुशीत बर्फावर सहज चालते. लहान पंजांचा बॉबकॅट अशा बर्फात रुततो. त्याच्या प्रदेशाची उत्तर सीमा मुख्यतः बर्फाच्या खोलीने आखली आहे.

शिकारीची रीत

बॉबकॅटला लांब पल्ल्याचा पाठलाग जमत नाही. त्याचा सारा भर जवळ पोचण्यावर असतो. दुपार कलल्यापासून मध्यरात्रीपर्यंत आणि पुन्हा पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत तो फिरतीवर असतो, कारण ससे याच वेळी चरायला बाहेर पडतात. थंडीत त्याचे भक्ष्य दिवसा हिंडू लागले, की तोही आपली वेळ बदलतो. एका रात्रीत तो साधारण तीन ते अकरा किलोमीटर चालतो. ही भटकंती दिशाहीन नसते. ठरलेल्या वाटा, ओढ्यांचे काठ, खडकाळ कडा आणि पूर्वी जिथे सावज मिळाले होते त्या जागा तो पुन्हा पुन्हा धुंडाळतो.

शिकारीच्या त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत तो सशांच्या वाटेलगत किंवा उंदरांच्या बिळांपाशी पाय पोटाखाली घेऊन बसून राहतो. अशा बैठकीच्या जागा बर्फात स्पष्ट उमटतात, त्यामुळे हिवाळ्यात माग काढणाऱ्या अभ्यासकांना तो कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून बसला होता हेही वाचता येते. दुसऱ्या पद्धतीत तो दिसलेल्या सावजाकडे सरपटत जातो. सावजाने मान खाली घातली की पुढे सरकायचे, मान वर झाली की जागीच थिजायचे. शेवटचे अंतर तो एका-दोन झेपांत कापतो. एका झेपेत तीन मीटरपर्यंत जाण्याची ताकद त्याच्यात असते. झडप चुकली तर तो थोडेसे धावतो आणि सोडून देतो. दमून मिळवलेला ससा परवडत नाही, हे त्याचे शरीरच जाणते.

लहान प्राणी मानेच्या किंवा डोक्याच्या एका चाव्यात संपतो. हरणाची शिकार वेगळी असते. पूर्ण वाढलेले पांढऱ्या शेपटीचे हरीण बॉबकॅटपेक्षा कितीतरी पट वजनदार असते. त्याला तो बहुधा बसलेले असताना गाठतो. झेप घेऊन खांद्यावर किंवा मानेवर पकड बसवतो आणि गळा चावून धरतो. हिवाळ्याच्या अखेरीस, हरणे उपासमारीने खंगलेली असताना आणि त्यांचे पाय बर्फात रुतत असताना, अशा शिकारी जास्त होतात. मादीपेक्षा नर हरणावर जास्त हात टाकतो, कारण अंगाने मोठे असण्याचा फायदा इथे होतो.

मोठी शिकार एका बैठकीत संपत नाही. उरलेले मांस तो पालापाचोळा, गवत, माती किंवा बर्फ ओढून झाकतो आणि पुढचे काही दिवस परत येत राहतो. भक्ष्य मुबलक असताना पोटभर खायचे आणि दुष्काळात अनेक दिवस उपाशी काढायचे, ही दोन्ही टोके त्याला साधतात.

ऋतू आणि प्रदेशाप्रमाणे बदलणारे अन्न

बॉबकॅटचे ठरलेले अन्न कोणते, असे विचारले तर ससे हेच बहुतेक अभ्यासांचे उत्तर आहे. साधारण पाऊण किलो ते साडेपाच-सहा किलो वजनाचे सावज त्याला सर्वांत फायद्याचे पडते आणि कॉटनटेल ससा या मापात नेमका बसतो. पण त्याची यादी इथे संपत नाही. दक्षिणेतल्या गवताळ पट्ट्यात कॉटन रॅट जातीचे उंदीर, नैर्ऋत्येच्या वाळवंटात वुडरॅट आणि मोठे जॅकरॅबिट ससे, प्रशांत किनाऱ्यावरच्या ओल्या जंगलात माउंटन बीव्हर नावाचा बिळात राहणारा कृंतक, ईशान्येत स्नोशू ससे आणि हिवाळ्यात हरीण. यांच्या जोडीला खारी, पक्षी, सरडे, साप आणि क्वचित मेलेले जनावर. उघड्यावरच्या कोंबड्या आणि लहान कोकरेही तो कधीकधी उचलतो, पण त्याच्या एकूण आहारात त्यांचा वाटा अल्प असतो.

चौघांच्या नशिबातला फरक इथे उलगडतो. कॅनडा लिंक्स स्नोशू सशावर जवळजवळ पूर्णपणे विसंबून आहे. हे ससे साधारण दहा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि घटतात. ससे घटले, की एक-दोन वर्षांत लिंक्सही घटते. आयबेरियन लिंक्सचे जगणे युरोपीय सशावर होते. विसाव्या शतकात मिक्झोमॅटोसिस आणि नंतर सशांचा रक्तस्रावी रोग या दोन साथींनी तिथले ससे मेले आणि तीही विनाशाच्या कडेला गेली. बॉबकॅटलाही ससा प्रिय आहे, पण ससा नसेल तिथे तो उंदरावर जगतो, उंदीर बर्फाखाली गेले तर हरणाकडे वळतो. एका भक्ष्याच्या साथीने वा दुष्काळाने तो कोसळत नाही. तो सगळ्यांत मोठा किंवा बलवान लिंक्स नाही, तो सगळ्यांत जुळवून घेणारा आहे, आणि संख्येचे रहस्य मुख्यतः यातच आहे.

हा शिकारी परत आला की जंगलात काय बदलते, याचे चांगले उदाहरण जॉर्जिया राज्यातल्या कंबरलँड बेटावर मिळते. तिथून बॉबकॅट नाहीसा झाला होता. १९८८ आणि १९८९ मध्ये मुख्य भूमीवरून ३२ बॉबकॅट आणून तिथे सोडले. ते पाडसे आणि हरणे मारू लागले. पुढे बेटावरची हरणांची गर्दी कमी झाली, उरलेल्या हरणांची अंगकाठी सुधारली आणि हरणांनी खुडून टाकल्यामुळे वाढू न शकणारी ओकची रोपे जास्त प्रमाणात तग धरू लागली. दहा किलोंच्या मांजराचा परिणाम असा ओकच्या जंगलापर्यंत पोचतो.

हद्द आणि पिल्ले

बॉबकॅट एकटा राहतो. मूत्र, विष्ठा आणि झाडाखडकांवरचे नखांचे ओरखडे यांनी तो आपली हद्द आखतो. नराची हद्द मोठी असून ती अनेक माद्यांच्या हद्दींवर पसरते, मात्र माद्या शक्यतो एकमेकींच्या हद्दीत शिरत नाहीत. हद्द किती मोठी असेल हे पुन्हा भक्ष्यावर ठरते. सशाउंदरांनी भरलेल्या दक्षिणेत काही चौरस किलोमीटर पुरतात, तर भक्ष्य विरळ असलेल्या उत्तरेत शंभराहून अधिक चौरस किलोमीटर लागू शकतात.

मीलन बहुधा हिवाळ्याच्या शेवटी होते. साधारण दोन महिन्यांनी खडकाच्या कपारीत, पोकळ ओंडक्यात किंवा दाट झाडोऱ्यात दोन ते चार पिल्ले जन्मतात. नर संगोपनात भाग घेत नाही. पिल्लांचे डोळे नऊ-दहा दिवसांनी उघडतात, दोन महिन्यांच्या सुमारास दूध सुटते आणि पुढच्या काही महिन्यांत ती आईमागोमाग शिकारीला जाऊ लागतात. आई आधी मेलेले आणि मग अर्धमेले सावज त्यांच्यापुढे टाकते. दबा धरण्याची उपजत बुद्धी पिल्लांत असतेच, पण कोणत्या सावजावर केव्हा झेपावायचे हे याच महिन्यांत पक्के होते. पहिल्या हिवाळ्याच्या आसपास ती आईपासून सुटतात आणि स्वतःची हद्द शोधत निघतात. हा काळ त्यांच्यासाठी सर्वांत जीवघेणा असतो, कारण अनोळखी मुलखात शिकार हुकत असते आणि वाटेत रस्ते येतात.

शेजारी आणि प्रतिस्पर्धी

जंगलात बॉबकॅट मधल्या पायरीवर असतो. प्युमा हे मोठे मांजर आणि लांडगा त्याला मारू शकतात, कोयोटी त्याच्याशी अन्नासाठी झगडते आणि संधी मिळाली तर त्याचा जीवही घेते. पण बरोबरीच्यांना तो भारी पडू शकतो. नोव्हा स्कोशियातले केप ब्रेटन बेट १९५५ मध्ये कॅन्सो कॉजवे या भरावाच्या रस्त्याने मुख्य भूमीला जोडले गेले. त्यावरून बॉबकॅट बेटावर आले आणि सखल भागातून कॅनडा लिंक्स मागे हटत उंच, जास्त बर्फाच्या पठारापुरती उरली. जिथे बर्फ खोल, तिथे लिंक्सचे रुंद पंजे जिंकतात. जिथे तो उथळ, तिथे बॉबकॅटचा आहार जिंकतो. हवामान तापून बर्फ कमी होत गेला तर ही रेषा उत्तरेकडे सरकेल, अशी चिंता अभ्यासकांना आहे ती याचमुळे.

फ्लोरिडात त्याला वेगळाच शत्रू भेटला आहे. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पसरले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्यावरून केलेल्या पाहण्यांत बॉबकॅट दिसण्याचे प्रमाण तिथे सुमारे ८७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. अजगर बॉबकॅटला गिळतो, शिवाय त्याचे ससेही संपवतो. याच प्रदेशातल्या बिग सायप्रस संरक्षित क्षेत्रात २०२१ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्याने एक बॉबकॅट अजगराच्या घरट्यातली अंडी खाताना टिपला. तो पुन्हा पुन्हा तिथे आला आणि मादी अजगर परतल्यावर त्याने तिच्यावर पंजाही उगारला. एका घटनेवरून अजगरांना आळा बसेल असे म्हणणे घाईचे ठरेल. पण समोर आलेल्या अपरिचित वस्तूतही अन्न ओळखण्याची या प्राण्याची क्षमता तिच्यातून दिसते.

मोठ्या शिकाऱ्यांपासून पळताना मात्र त्याचा अंदाज चुकतो. वॉशिंग्टन राज्यात कॉलर लावलेल्या प्राण्यांच्या अभ्यासात, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बॉबकॅट आणि कोयोटी हे प्युमा आणि लांडगे यांना टाळण्यासाठी मानवी वस्तीकडे सरकले. तिथे माणसांच्या हातून मरण्याचे प्रमाण मोठ्या शिकाऱ्यांकडून मरण्याच्या तिपटीहून अधिक निघाले.

माणूस: आदर, कातडे आणि कायदा

या प्राण्याशी माणसाचे नाते नेहमीच वैराचे नव्हते. इलिनॉयमधल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या होपवेल संस्कृतीच्या एका दफनटेकडीत बॉबकॅटचे काही महिन्यांचे पिल्लू पुरलेले सापडले. त्याच्या गळ्यात शंखशिंपल्यांच्या मण्यांची आणि अस्वलाच्या दाताच्या आकाराच्या पदकांची माळ होती. उत्खननानंतर अनेक वर्षे त्या सांगाड्याची नोंद कुत्र्याचे पिल्लू म्हणून होती. खरी ओळख पटल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांच्या दफनभूमीत, माळ घालून पुरलेले ते पिल्लू कुणाच्या तरी जिव्हाळ्याचे होते यात शंका नाही.

युरोपीय वसाहतींनंतर चित्र पालटले. कोंबड्या आणि मेंढरांचा शत्रू म्हणून त्याला मारणाऱ्यास बक्षिसे मिळू लागली. मध्य-पश्चिमेत शेतीने झाडोरा संपवला. ओहायोतून तो १८५० च्या सुमारास नाहीसा झाला. १९७० च्या दशकात बिबट्या आणि चित्त्यासारख्या ठिपकेदार मांजरांच्या कातड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली, तेव्हा व्यापाऱ्यांची नजर बॉबकॅटकडे वळली आणि त्याच्या कातड्याचे भाव चढले. १९७७ मध्ये त्याला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातल्यावर निर्यातीवर नोंदी आणि परवान्यांचे बंधन आले. राज्यांनीही शिकारीचे हंगाम आणि मर्यादा ठरवल्या. न्यू जर्सीने १९७८ ते १९८२ दरम्यान मेनमधून २४ बॉबकॅट आणून सोडले. ओहायोत तो आपल्या पायांनी परतला आणि २०१४ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.

संख्या सावरल्यावर वाद सुरू झाला, तो आजही आहे. इलिनॉयने २०१६ मध्ये शिकार पुन्हा खुली केली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून ती थांबवली. कोलोरॅडोत शिकारबंदीचा प्रस्ताव २०२४ च्या मतदानात फेटाळला गेला. शिकारीच्या बाजूचे म्हणणे असे, की संख्या भक्कम असलेल्या प्राण्याच्या नियमनासाठी शिकारीचे मर्यादित हंगाम पुरेसे आहेत. विरोधकांचे म्हणणे असे, की मांस न खाता निव्वळ कातड्यासाठी सापळ्यात मारणे समर्थनीय नाही. माझे मत विरोधकांकडे झुकते. तरीही या वादात दोन्ही बाजू ज्या मरणाकडे कमी पाहतात, ते बंदुकीतून येत नाही.

विष भक्ष्यातून येते

लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरांत अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा १९९६ पासून बॉबकॅटचा अभ्यास करत आहे. २००२ नंतरच्या काही वर्षांत तिथे बॉबकॅट खरजेने मरू लागले. एरवी एवढे जीवघेणे न ठरणारे खरजेचे किडे निरोगी मांजरांना का मारत होते, याचा माग उंदरांच्या विषापर्यंत गेला. रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या विषांचे अंश दक्षिण कॅलिफोर्नियात तपासलेल्या दर दहा बॉबकॅटपैकी जवळजवळ नऊ जणांच्या यकृतात मिळाले. हे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मंदावतो, बावचळतो आणि दबा धरून बसलेल्या मांजराला सोपा सापडतो. अशा अनेक उंदरांचे विष मांजराच्या यकृतात साठत जाते. पुढच्या अभ्यासांत या विषाचा बॉबकॅटच्या रोगप्रतिकार यंत्रणेवरचा परिणामही दिसला. दक्षिण कॅरोलिनातल्या किआवा बेटावर बॉबकॅट हरणांची पाडसे मारून त्यांची संख्या आटोक्यात ठेवत आले होते. तिथेही २०२० च्या आसपास संख्या झपाट्याने घटली आणि मेलेल्या बॉबकॅटमध्ये हीच विषे सापडली.

ज्या सवयीने त्याला तारले, मिळेल ते आणि सोपे सापडेल ते सावज उचलण्याच्या त्या सवयीनेच इथे घात केला. उंदरांचा नैसर्गिक शिकारी मेल्यावर उंदीर वाढतात, मग आणखी विष टाकले जाते. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून या विषांच्या बहुतेक वापरांवर बंधन आणले. ब्रोमॅडिओलोन हे त्यांतलेच एक विष महाराष्ट्रातल्या शेतांत आणि घरांतही उंदरांसाठी वापरले जाते. उसाच्या फडांत आणि माळरानांवर उंदरांवर जगणारी आपली रानमांजरे आणि वाघाटी याच साखळीत आहेत.

दुसरे संकट रस्त्यांचे. शहरांच्या कडेने बॉबकॅट चांगला राहतो. टेक्सासमधल्या डॅलस–फोर्ट वर्थ परिसरात तो ओढ्यांच्या काठांनी आणि गोल्फच्या मैदानांवरून वावरतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या डोंगरउतारांवरच्या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो परसात दिसू शकतो. त्याच्यापासून माणसाला भीती जवळजवळ नाही. मात्र कोंबड्यांच्या खुराड्याला वरूनही जाळी लागते आणि पाळीव मांजर रात्री आत घ्यावे लागते. खरा धोका त्यालाच असतो, कारण महामार्गांनी हद्दी तुटतात आणि तरुण बॉबकॅट हद्द शोधताना गाडीखाली येतात. रस्त्याखालचे मोठे नाले आणि त्यांच्या तोंडाशी राखलेला झाडोरा एवढ्याने अनेक जीव वाचतात, कारण दबा धरणाऱ्या प्राण्याला उघड्यावरून चालणे नको असते.

संख्येपलीकडे पाहण्याची गरज

बॉबकॅटविषयीची धोरणे आजवर प्रामुख्याने एका प्रश्नाभोवती फिरली: किती आहेत आणि किती मारता येतील. तेवढ्याने भागत नाही, हे सांता मोनिका, किआवा आणि एव्हरग्लेड्सने दाखवून दिले आहे. कारण सगळीकडे एकच नव्हते, पण तिन्ही ठिकाणी घाव भक्ष्याच्या बाजूनेही आला. सशांची आणि उंदरांची स्थिती, त्यांच्यात भिनलेली विषे, झाडोऱ्याचे सलग पट्टे यांची नोंद घेतल्याशिवाय काढलेला लाखांचा आकडा धोका वेळेत सांगणार नाही. विषबंदी घराघरांत पाळली जाणे, धान्य आणि कचरा झाकून उंदरांना मुळातच थारा न देणे, रस्ता आखतानाच त्याखालची वाट आखणे, ही कामे शिकारबंदीच्या वादापेक्षा कमी चर्चेची आहेत, पण बॉबकॅटच्या जगण्याशी त्यांचा संबंध जास्त जवळचा आहे. जो शिकारी जवळजवळ काहीही खाऊन जगू शकतो, तो एखाद्या भागात जगेनासा झाला तर त्या भागातले अन्नच बिघडले आहे असे समजावे आणि तपास तिथून सुरू करावा.